बावीस माणसं, आठ गळ आणि एक तलाव

सहलीचा बेत ठरतो तेव्हा घरात सगळ्यांत जास्त उत्साह पोरांना आणि पुरुषांना असतो. परत आल्यावर सगळ्यांत जास्त दमलेलं कोण असतं, ते मैत्रिणींनो, मी तुम्हांला सांगायला नको! त्यातून बेत जर तलावाकाठी जाऊन गळानं मासे धरायचा असेल तर बघायलाच नको. भावजी काठावर काठी धरून बसणार, पोरं चिखलात नाचणार आणि जावा-जावा तीन दगडांच्या चुलीपाशी डोळे चोळत 'मासा येतोय का' म्हणून वाट बघणार. आला की साफ करायचा, शिजवायचा, वाढायचा आणि वर भांडी घासायची. म्हणजे घरातलं स्वयंपाकघर उचललं आणि तळ्यावर नेऊन मांडलं, एवढंच!

तरीसुद्धा मी म्हणेन की मोठ्या कुटुंबाला मासे धरण्यासारखी दुसरी सहल नाही. गडावर जायचं तर आजी खाली गाडीत राहतात. समुद्रावर गेलो की जो तो एकेका दिशेला. तळ्याच्या काठी मात्र सत्तरीच्या आजेसासूबाई आणि सात वर्षांचा नातू एकाच सतरंजीवर तीन तास बसू शकतात. गळ टाकायला ताकद लागत नाही, शिक्षण लागत नाही. लागतो तो धीर, आणि तो आपल्या बायकांपाशी जरा जास्तच आहे. फक्त हा बेत पुरुषांवर सोडू नका. तो कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही आखा. आखताना एक गोष्ट पक्की ठेवा: त्या आठ गळांपैकी निदान चार बायकांच्या हाती असतील.

उदाहरणाला मी उजनीचा जलाशय घेते. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागतं. एस.टी. आहे, दौंडच्या पुढं रेल्वेचं स्टेशन आहे, आणि भीमा नदीवरच्या या धरणाचं पाणी तिथंवर पसरलेलं आहे. भिगवणचा मासळी बाजार तर प्रसिद्धच. विदर्भातल्या मैत्रिणींना एवढं लांब यायचं कारण नाही. भंडारा-गोंदियाकडे जुने मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. पण तलाव कुठलाही असो, एक चौकशी आधी करा. आपल्याकडे जलाशयांतली मासेमारी ठेक्यानं किंवा परवान्यानं चालते. तेव्हा गावातल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन 'आम्ही घरची माणसं काठावरून गळ टाकणार आहोत, चालेल का, कुठं बसू' असं विचारायचं आणि ते सांगतील तिथंच बसायचं. धरणाच्या भिंतीजवळ जायचं नाही. अभयारण्याच्या हद्दीतल्या तळ्याचा विचारही नको.

तारीख ठरवताना

बावीस माणसांची तारीख जुळवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा कठीण. आपल्या घरांत सुट्या बघून भागत नाही, वारही बघावे लागतात. आजींची एकादशी, धाकट्या जाऊबाईंचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी. श्रावणाचा तर प्रश्नच नाही. पावसाळा तसाही माशांच्या विणीचा काळ, त्या दिवसांत गळ टाकू नये. दिवाळीनंतर काही घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मासे चालत नाहीत. मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र आणि महालक्ष्मीचे गुरुवार.

म्हणून माझं मत पौषाला. बहुधा डिसेंबरची अखेर ते जानेवारी, असा तो येतो. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं 'अगं, त्याच दिवशी मामेसासऱ्यांकडे हळद आहे' हे संकट टळतं. मुलांना नाताळची सुटी असते. पावसानं भरलेला जलाशय अजून पुष्कळ भरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागं जातं आणि काठाला नुसता चिखल उरतो. शिवाय थंडीत भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी, पट्टकादंब, चित्रबलाक असे पाहुणे उतरतात, ते वेगळंच. ज्यांना माशांचं वेड नाही त्यांचीही सोय झाली!

थंडीचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. गार पाण्यात मासे सुस्त असतात, खायला फारसे पुढं येत नाहीत. ऊन चढून पाणी जरा कोमट झालं की गळाला लागतात. म्हणजे पहाटे पाचला बावीस माणसांना उठवून चहा पाजायची धडपड नको. नऊला न्याहारी, दहाला काठावर, चारला परत. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस, एवढा मुक्काम पुरे. तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी कुणाशी वाजतंच!

मुक्कामाची जागा बघताना खोल्या किती ते नंतर विचारा, आधी संडास किती ते विचारा. बावीस माणसांना दोन असले तर सकाळी अकरापर्यंत रांग संपत नाही. आजींना गुडघ्यांमुळं खुर्चीचा लागतो, आणि कुणाची पाळी आली तर पाणी आणि आडोसा जवळ हवा. या गोष्टी घरातले पुरुष फोनवर विचारत नाहीत. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला पक्षी बघायला येणाऱ्यांची गावकरी मंडळी घरगुती मुक्कामाची आणि जेवणाची सोय करतात. दोन जेवणं तिथल्या मावशींच्या हातची ठरवून टाका. त्यांना चार पैसे मिळतात आणि आपली दोन वेळची चूल सुटते.

पैशाचं आणि कामाचं

एकत्र सहलीत माणसं मोडतात ती बहुधा पैशावरून, आणि ते तोंडानं कुणी बोलत नाही. एका दिराची बदलीची मोठी नोकरी, दुसऱ्याचं दुकान यंदा बसलेलं, नणंदेचे यजमान निवृत्त. 'सगळे मिळून बघू' असं म्हटलं की जो मोठा असतो तो दाखवून देतो आणि जो अडचणीत असतो तो सहलीलाच येत नाही. म्हणून वर्गणी आधीच माणशी ठरवा. मोठ्यांची पूर्ण, दहाच्या आतल्या मुलांची अर्धी, आजी-आजोबांची नाही. ज्यांना जमणार नाही त्यांच्याशी बोलायचं काम घरातल्या सगळ्यांत मऊ जिभेच्या माणसानं एकट्यानं करावं. त्यांच्याकडून पैशाऐवजी काही वस्तू घ्यावी: तांदूळ, सतरंज्या किंवा गाडीची व्यवस्था. हिशेबाची वही आठवी-नववीतल्या भाचीकडे द्या. तिच्यापुढं कुणी घासाघीस करत नाही.

आता कामं. इथं मी जरा कडक आहे. मोघम 'सगळ्यांनी मदत करायची' म्हटलं की ती मदत शेवटी बायकाच करतात. म्हणून पाळ्या लिहून काढा. सकाळचा चहा आणि पोहे पुरुषांकडे. त्यांना कांदा चिरता येत नसेल तर सहलीला अजून महिना आहे, शिकतील. भांडी सगळ्या कॉलेजच्या मुलांकडे, मुलगे आणि मुली दोन्ही. आणि माशांचा एकच नियम: ज्यानं धरला, त्यानं साफ करायचा. हा नियम सांगितल्यावर गळ टाकायला किती उमेदवार उरतात ते बघाच!

सासूबाईंना हे पटेल का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. तुम्ही भिंतीवर कागद लावलात तर नाही पटणार. पण आदल्या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून 'आई, पाळ्या तुम्हीच वाचून दाखवा, तुमच्यापुढं कुणी बोलायचं नाही' असं म्हटलंत तर त्याच चार वाक्यं वाढवून सांगतील. त्यांनीही आयुष्यभर दुसऱ्यांच्याच सहली रांधल्या आहेत.

गळ, तंगूस आणि कणीक

बाजारात गरगर फिरणाऱ्या चाकाच्या महागड्या काठ्या मिळतात. त्या एखाद्या हौशी भाच्यासाठी ठीक. बाकीच्यांना आठ-दहा फुटांची सरळ, हलकी बांबूची काठी, तिच्याएवढाच लांब तंगूस, टोकाला लहान गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी आणि आणखी वर बाटलीचं बूच, एवढं पुष्कळ. बूच पाण्यावर उभं डुलतं, ते खाली गेलं की काठी हलकेच उचलायची. हिसका द्यायचा नाही.

बावीस माणसांना आठच काठ्या का, म्हणाल. त्याहून जास्त झाल्या की तंगूस एकमेकांत गुंततात आणि मुलांवर लक्ष ठेवायला कुणी उरत नाही. एका काठीवर एक मोठं आणि एक लहान अशी जोडी लावा, आणि जोड्या मुद्दाम आडव्या लावा. काकू आणि पुतण्या, आजोबा आणि नात, नवी सून आणि आजेसासूबाई. नव्या सुनेला घरात जे सहा महिन्यांत कळत नाही ते बुचाकडे बघत बसल्या बसल्या एका दुपारी कळतं.

आमिष मात्र आपल्या हातचं. एक वाटी कणीक, अर्धी वाटी खमंग भाजलेलं बेसन, मूठभर शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. पुरीच्या कणकेहून घट्ट मळायचं आणि मळताना कापसाचे चार तंतू पिंजून घालायचे, म्हणजे गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. वाटाण्याएवढी गोळी पुरते. चिलापीला गांडूळही आवडतं. ती खणून आणायचं काम मुलांकडे सोपवा, तुमच्या तुळशीवृंदावनापासून जरा लांब!

उजनीत चिलापी भरपूर. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि इथलाच होऊन बसला. त्याची मादी अंडी आपल्या तोंडात सांभाळते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत, आणि तेवढे दिवस काही खात नाही. (हे वाचून तुम्हांला कुणाची आठवण झाली का?) कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तेव्हा बूच वर-खाली सरकवून बघायचं. शिंगी लागली तर नुसत्या हातानं धरू नका. तिच्या काट्यानं भयंकर ठणका लागतो. लागलाच काटा, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. गळच बोटात घुसला तर ओढून काढायचा नाही. त्याला उलटं टोक असतं. तंगूस कापून, वर स्वच्छ फडकं बांधून दवाखाना गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं.

गळाला लागलेल्या माशांवर बावीस माणसांचं जेवण अवलंबून ठेवू नका. आठ काठ्यांना दिवसभरात दोन किलो मिळाले तर नशीब. बाजारातून सकाळीच मासे घेऊन ठेवा. शाकाहारी आणि उपासवाली माणसं वजा केली की खाणारे सोळा धरू. माणशी पाव किलोहून थोडे जास्त म्हणजे अख्खे मासे साधारण पाच किलो होतात. डोकं-खवलं-पोट काढल्यावर किलोचे सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच हाती येतात हे विसरू नका. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि दाबलं तर मांस पुन्हा वर येणारं, ही परीक्षा तुम्हांला ठाऊक आहेच.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास असतो, म्हणून समुद्राच्या मासळीवर वाढलेली कोकणातली माणसं नाक मुरडतात. तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवा, मग धुऊन घ्या. वास जातो. रश्शाला आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, भाजलेलं सुकं खोबरं आणि घरचं काळं तिखट. सोबत बाजरीची भाकरी. लहान मुलांना आणि आजींना चिलापी द्या, तिला बारीक काटे कमी. रोहू-कटल्याचे काटे दुफाटी असतात, त्यांतला पोटाकडचा तुकडा तेवढा बरा. न खाणाऱ्यांसाठी पिठलं आणि वेगळं भांडं, वेगळी पळी. हे बोलून दाखवायला लागू नये.

पाण्याचा पहारा

आता जे सांगते ते शांतपणे वाचा. उजनीचं पाणी साठायला लागलं तेव्हा, १९८० च्या सुमारास, भीमाकाठची गावंच्या गावं त्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी ओसरलं की उघडं पडतं. देऊळ दिसतं, पण त्याच पाण्याखाली लोकांच्या विहिरी आहेत, नाल्यांचे काठ आहेत, वाळू काढून पडलेले खड्डे आहेत, ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल पुरुषभर खोल जाऊ शकतं. काळ्या मातीच्या गाळात रुतलेला पाय सहजी निघत नाही. म्हणून नियम असा की पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पोहता येणाऱ्या काकांनीसुद्धा नाही, त्यांनी तर मुळीच नाही, कारण मुलं त्यांच्याच मागून जातात.

काठापासून दहा पावलांवर चुन्याची रेघ ओढा. रेघेच्या पुढं जायचं ते मोठ्या माणसाचा हात धरून. दर अर्ध्या तासाला एक मोठं माणूस पहाऱ्याला. त्याच्या गळ्यात शिट्टी. त्या अर्ध्या तासात त्यानं गळ टाकायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, मोबाईल बघायचा नाही, फक्त मुलं मोजायची. 'सगळे आहोत की इथं' असं म्हणून चालत नाही. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही, हेही लक्षात असू द्या. त्याला श्वास घ्यायलाच फुरसत नसते.

पहारेकऱ्याजवळ पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा आणि त्याला बांधलेला पन्नास फूट दोर ठेवा. कुणी पडलंच तर मागोमाग उडी घ्यायची नाही. डबा फेकायचा, दोर ओढायचा. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं यांत एक क्षणही घालवू नका. तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करायची, दुसऱ्यानं १०८ किंवा ११२ फिरवायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही. निघण्यापूर्वी घरातल्या दोघांनी तरी ओळखीच्या डॉक्टरांकडून हातानं करून शिकून घ्यावं.

पक्षी बघायला होडीत बसाल तेव्हा प्रत्येकाच्या अंगात जॅकेट हवं, लहानाच्या मापाचं लहानाला, पट्टे लावलेलं. होडीवाले म्हणतील 'काही होत नाही ताई'. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीत कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहाजण गेले, त्यांत दोन चिमुकली मुलं होती. जॅकेट कमी असतील तर दोन फेऱ्या करा. वारा उठला असेल तर फेरीच नको, कुणी कितीही रुसलं तरी.

आणखी एक. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून शेवटी इथंच येतं. पाणी कधी कधी हिरवंगार दिसतं ते शोभेचं नसतं. त्यानं मासे धुवायचे नाहीत, भांडी विसळायची नाहीत, चूळ भरायची नाही. पिण्या-रांधण्याला माणशी पाच लिटर धरलं तर बावीस जणांना दिवसाला शंभरावर जातं. म्हणजे वीस लिटरचे सहा जार. हात धुवायला आणखी दोन, आणि साबण तळ्यापासून लांब.

मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात, वर डबे किंवा थर्मोकोल तरंगताना दिसतील. त्यांच्या आसपास गळ टाकू नका. जाळं फाटलं तर त्यांचा दिवस बुडतो, आणि त्यांच्यातल्या कितीकांची घरंही आपण बसतो त्याच पाण्याखाली गेली आहेत. निघताना तंगुसाचे तुकडे वेचून घ्या. पक्ष्यांच्या पायांत अडकून ते मरतात. हे काम मुलांना द्या, सगळ्यांत जास्त तुकडे आणणाऱ्याला चिक्की.

गळ बुचात टोचून, डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा. फोन मात्र आजच करायला घ्या. बावीस माणसांची जागा, तीन संडासांसकट, आयत्या वेळी मिळत नाही. आणि सासूबाईंना पाळ्यांचं विचाराल तेव्हा घरात दुसरं कुणी नसेल असं बघा.